‘टर्न ऑफ इट’ का चालत नाही? इंग्रजी वाक्यात कोण कुठे बसतं

ग्राहकांना जाणारी उत्तरं पाठवण्याआधी तपासायची, हे माझं काम. लिहिणारी मुलं हुशार आहेत. त्यांचा शब्दसंग्रह चांगला आहे, काळ-बिळ बहुतेक बरोबर असतात आणि स्पेलिंग तर मशीनच सुधारतं. तरीही माझी लाल खूण पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी पडते. शब्द सगळे बरोबर, पण भलत्या जागी. आणि गडबड करणारे नेहमीचे तिघेच असतात: क्रियापद, त्याच्या मागून येणारं सर्वनाम आणि मध्येच घुसणारं क्रियाविशेषण. नव्याने आलेल्यांना मी जे समजावते, तेच इथे लिहिते आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देते. ती मोठ्याने म्हणून बघा, कारण यातलं निम्मं कानानेच कळतं.

आधी मूळ भानगड

मराठीत कोण काय करतंय ते प्रत्यय सांगतात. ‘मी त्याला काल पाहिलं’, ‘काल मी त्याला पाहिलं’, ‘त्याला मी कालच पाहिलं’, ‘पाहिलं मी त्याला काल’. सगळी वाक्यं चालतात, फक्त जोर इकडचा तिकडे होतो. ‘ला’ बरोबर असला की ‘त्याला’ कुठेही ठेवा, कळायचं ते कळतं. इंग्रजी नामांना असा प्रत्यय लागत नाही. सर्वनामांत थोडीशी खूण उरली आहे, ‘ही’चं ‘हिम’ होतं, ‘दे’चं ‘देम’ होतं. पण ‘यू’ आणि ‘इट’ यांना तेवढंही नाही. त्यामुळे शब्दाचं नातं त्याच्या जागेवरून ओळखायचं. क्रियापदाच्या लगेच मागे जो उभा, तो कर्म.

म्हणून इंग्रजी माणूस क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला शिरू देत नाही. ‘मी इंग्रजी चांगलं बोलतो’ यात आपलं ‘चांगलं’ क्रियापदाला चिकटून असतं, त्यामुळे डोक्यात ‘स्पीक वेल’ अशी जोडी तयार होते आणि तोंडातून निघतं ‘आय स्पीक वेल इंग्लिश’. बोलायचं असतं ‘आय स्पीक इंग्लिश वेल’. तसंच ‘आय लाइक व्हेरी मच धिस आयडिया’ नको, ‘आय लाइक धिस आयडिया व्हेरी मच’ हवं. ‘शी ओपन्ड स्लोली द डोअर’ नको. ‘शी ओपन्ड द डोअर स्लोली’ म्हणा किंवा ‘शी स्लोली ओपन्ड द डोअर’ म्हणा. जोडीच्या मागे किंवा पुढे, मध्ये नाही.

सगळीच क्रियाविशेषणं दोन्हीकडे जात नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. ‘स्लोली’, ‘क्लिअरली’, ‘क्विकली’ अशी ‘ली’वाली बहुतेक दोन्हीकडे चालतात. ‘वेल’, ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘लेट’ ही अशा वाक्यांत शेवटीच येतात. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्टाळू आहे, आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम जवळजवळ करतच नाही. एका सहकाऱ्याचं कौतुक करायला म्हणून कुणी हे दुसरं वाक्य लिहिलं, तर काय होईल ते सांगायला नको.

या नियमाला एक पळवाट आहे, आणि ती समजली की पुढचं सोपं जातं. कर्म लांबलचक असेल तर क्रियाविशेषण मध्ये चालतं: ‘शी एक्स्प्लेन्ड क्लिअरली व्हाय द पेमेंट हॅड फेल्ड’. कारण इंग्रजीला जड आणि नवी माहिती वाक्याच्या शेवटी आवडते. आता तेच लांब कर्म काढून ‘इट’ ठेवा. ‘शी एक्स्प्लेन्ड क्लिअरली इट’? अजिबात नाही. ‘शी एक्स्प्लेन्ड इट क्लिअरली’. ‘इट’ हलकं आहे, ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीसाठी आलेलं आहे. ते क्रियापदाला बिलगतं आणि वाक्याचा शेवट दुसऱ्या कुणासाठी तरी मोकळा ठेवतं. जड ते मागे, हलकं ते क्रियापदाजवळ. माझ्या मते हे एवढं कळलं की अर्धे नियम पाठ करायची गरज उरत नाही.

ऑल्वेज, नेव्हर आणि त्यांची भावंडं

हा भाग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो, म्हणून पटकन. ऑल्वेज, युज्वली, ऑफन, नेव्हर, ऑलरेडी, जस्ट, प्रॉबेबली ही मंडळी वाक्याच्या पोटात बसतात. क्रियापद एकटंच असेल तर त्याच्या आधी: ‘शी ऑल्वेज कॉल्स मी’. ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांपैकी एखादं मुख्य क्रियापद असेल तर त्याच्या नंतर: ‘शी इज ऑल्वेज बिझी’. साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर आणि ती दोन असतील तर पहिल्याच्या नंतर: ‘शी हॅज ऑल्वेज हेल्प्ड मी’, ‘यू शुड नेव्हर हॅव टोल्ड हिम’. प्रश्नात कर्त्याचं सर्वनाम मध्ये येतं आणि क्रियाविशेषण त्याच्या मागे सरकतं: ‘डू यू ऑफन सी देम?’, ‘हॅव यू ऑलरेडी सेंट इट?’

शाळेत सहसा न सांगितलेली गोष्ट छोट्या उत्तरांची. कोणी विचारलं ‘आर यू ऑल्वेज धिस अर्ली?’ तर आपण नियमाला धरून म्हणतो ‘येस, आय ॲम ऑल्वेज’. ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य अजून संपायचं आहे, तो वाट बघत राहतो. खरं उत्तर ‘येस, आय ऑल्वेज ॲम’. पुढचे शब्द गाळले की जोर ‘ॲम’वर येतो, आणि जोर असलेल्या क्रियापदाच्या नंतर क्रियाविशेषण राहत नाही, आधी येतं. ‘डू यू चेक देम?’ ‘आय युज्वली डू.’ ‘हॅव यू मेट हर?’ ‘नो, आय नेव्हर हॅव.’ इथे ‘आय ॲम’चं ‘आयम’ही करता येत नाही, कारण जोर द्यायचा शब्द आखडून कसा चालेल?

‘स्टिल’ आणि ‘येट’ यांत लोक फार घोळ घालतात. नकारार्थी वाक्यात ‘स्टिल’ साहाय्यक क्रियापदाच्या आधी येतं आणि ‘येट’ सर्वांत शेवटी: ‘ही स्टिल हॅजन्ट रिप्लाइड’, ‘ही हॅजन्ट रिप्लाइड येट’. माहिती एकच, पण पहिल्यात कंटाळा ऐकू येतो, ‘अजूनही उत्तर दिलेलं नाही बघा याने’ असा. दुसरं वाक्य तटस्थ आहे. ग्राहकाबद्दल लिहिताना मी नेहमी दुसरंच ठेवायला लावते. ‘प्रॉबेबली’चंही असंच आहे, होकारात ‘ही विल प्रॉबेबली कम’, नकारात ‘ही प्रॉबेबली वोन्ट कम’.

ऑफ, ऑन, अप, डाउन: इथे खरी दमछाक

सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलं आहे, की क्रियापदाच्या मागे छोटासा शब्द लावून अर्थ बदलण्याची जी इंग्रजीची सवय आहे, ती परक्या माणसाला सर्वांत जड जाते. म्हणजे अडखळणारे आपण पहिले नाही.

‘टर्न ऑफ’ घ्या. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या आहेत: ‘टर्न ऑफ द लाइट’, ‘टर्न द लाइट ऑफ’. कर्म सर्वनाम असेल तर एकच: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हणता येत नाही, कारण शेवटची जागा जोराची आणि ‘इट’ला जोर नाही. मघाचाच न्याय, हलकं ते क्रियापदाजवळ. याच चालीवर: ‘फिल इन द फॉर्म’ पण ‘फिल इट इन’, ‘टेक ऑफ युअर शूज’ पण ‘टेक देम ऑफ’, ‘पिक अप द किड्स’ पण ‘पिक देम अप’, ‘थ्रो अवे द पेपर्स’ पण ‘थ्रो देम अवे’. उलट कर्म फार लांब असेल तर छोटा शब्द क्रियापदाजवळच ठेवा. ‘टर्न द लाइट दॅट यू लेफ्ट ऑन लास्ट नाइट ऑफ’ असं म्हटलं तर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा विसरून जाईल की आपण काय करणार होतो.

आता अडचण अशी, की सगळेच छोटे शब्द असे सुटे होत नाहीत. ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर हर’, ‘लुक आफ्टर हिम’, ‘लुक इन्टू इट’ यांत सर्वनाम शेवटीच येतं. ‘लुक हिम आफ्टर’ असं कोणी म्हणत नाही. व्याकरणात कारण सोपं आहे: ‘टर्न ऑफ’मधलं ‘ऑफ’ हे क्रियाविशेषण आहे, ‘लुक ॲट’मधलं ‘ॲट’ प्रिपोझिशन, म्हणजे ते पुढच्या शब्दाचं आहे आणि त्याला सोडून जात नाही. पण बोलता बोलता हे ओळखायचं कसं? माझ्या दोन कसोट्या आहेत.

पहिली कानाची. वाक्य म्हणा आणि जोर कुठे पडतो ते ऐका. ‘टर्न इट ऑफ’मध्ये आवाज ‘ऑफ’वर चढतो. ‘लुक ॲट इट’मध्ये तो ‘लुक’वर चढतो आणि ‘ॲट इट’ घाईत निसटतं. छोट्या शब्दावर जोर असेल तर सर्वनाम मध्ये. इंग्रजी बोलणाऱ्यांचं बोलणं ऐकायची सवय असेल तर ही कसोटी बहुतेक वेळा पुरते.

दुसरी, मध्ये ‘केअरफुली’ किंवा ‘क्विकली’ घालून बघायची. ‘शी लुक्ड केअरफुली ॲट इट’ हे वाक्य छान उभं राहतं. ‘शी टर्न्ड क्विकली ऑफ द लाइट’ मात्र लगेच कोसळतं. म्हणजे ‘लुक’ आणि ‘ॲट’ मुळात वेगळे आहेत, मध्ये क्रियाविशेषण मावतं. ‘टर्न’ आणि ‘ऑफ’ मिळून एक क्रियापद आहे, त्यांच्यामध्ये फक्त कर्माला प्रवेश. क्रियाविशेषण घालायचंच असेल तर ते सगळ्यांच्या बाहेर: ‘शी क्विकली टर्न्ड इट ऑफ’ किंवा ‘शी टर्न्ड इट ऑफ क्विकली’. ‘राइट’ आणि ‘स्ट्रेट’ यांना तेवढी सूट आहे, ‘सेंड इट स्ट्रेट बॅक’ चालतं.

जागा बदलली की अर्थ कसा पालटतो, त्याचं माझं आवडतं उदाहरण ‘सी’, ‘थ्रू’ आणि ‘हिम’ या तीन शब्दांचं. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे मी त्याचं ढोंग ओळखलं. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे त्याच्या कठीण काळात मी शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी उभी राहिले. शब्द तेच, जागेची अदलाबदल, आणि एकात माणूस लबाड ठरतो, दुसऱ्यात तुम्ही त्याच्या कामी आलेल्या असता. म्हणा दोन्ही मोठ्याने. पहिल्यात जोर ‘सॉ’ आणि ‘थ्रू’मध्ये वाटला जातो, ‘हिम’ अगदी मिटलेलं. दुसऱ्यात ‘थ्रू’ खणखणीत.

तीन शब्दांची क्रियापदं असतात त्यांची काळजी करू नका. ‘लुक फॉरवर्ड टु इट’, ‘पुट अप विथ हिम’, ‘रन आउट ऑफ इट’. यांच्या शेवटी प्रिपोझिशन असतं, त्यामुळे सर्वनाम त्याच्या मागेच. तोडायचा प्रश्नच येत नाही.

द्यायचं-घ्यायचं असेल तेव्हा

‘सेंड मी द फाइल’ बरोबर. ‘सेंड द फाइल टु मी’ही बरोबर. पण फाइलसुद्धा सर्वनाम झाली की लिखाणात ‘सेंड इट टु मी’ एवढंच ठेवा. ‘सेंड मी इट’ काही ब्रिटिश लोकांच्या तोंडी असतं, पण पत्रात ते ओबडधोबड दिसतं.

‘एक्स्प्लेन मी’ हे मात्र कुठेच चालत नाही. ‘एक्स्प्लेन इट टु मी’. ‘से’चंही तसंच, ‘ही सेड मी’ नाही, ‘ही टोल्ड मी’ किंवा ‘ही सेड टु मी’. आणि ‘डिस्कस अबाउट इट’मधलं ‘अबाउट’ काढून टाका, ‘डिस्कस’ला कर्म थेट लागतं. ‘रिटर्न इट बॅक’मधलं ‘बॅक’ही फुकटचं आहे. ‘बॅक’चा सोस असेल तर ‘गिव्ह इट बॅक’ म्हणा.

एक उत्तर दुरुस्त करून बघू

लोकांची पत्रं दाखवता येत नाहीत, म्हणून रोज दिसणाऱ्या चुका एकत्र करून हा नमुना मीच रचला आहे:

‘आय रिसीव्ह्ड ऑलरेडी युअर फॉर्म. आय चेक्ड बट यू डिड नॉट फिल इन इट करेक्टली. प्लीज करेक्ट अँड सेंड बॅक इट टु अस टुडे इटसेल्फ. आय विल लुक इट इन्टू पर्सनली.’

पहिल्या वाक्यात ‘ऑलरेडी’ क्रियापद आणि कर्माच्या मध्ये अडकलंय. ‘हॅव’ हे साहाय्यक क्रियापद घाला आणि ‘ऑलरेडी’ त्याच्या नंतर ठेवा: ‘आय हॅव ऑलरेडी रिसीव्ह्ड युअर फॉर्म’.

‘आय चेक्ड’ अर्धवट वाटतं. आपण मराठीत ‘तपासलं’ म्हटलं की काय तपासलं ते मागच्या वाक्यावरून घेतो, सर्वनाम बोलतही नाही. ‘केलं?’, ‘पाठवलं’, ‘बघते’ यावर आपली अख्खी संभाषणं चालतात. इंग्रजी क्रियापदाला बहुधा कर्म डोळ्यांसमोर लागतं: ‘आय हॅव चेक्ड इट’. तपासताना मी सर्वांत जास्त वेळा जो शब्द घालते तो हा ‘इट’. कर्त्याच्या जागी तर त्याला काही अर्थ नसला तरी लागतो. ‘पाऊस पडतोय’ला ‘इट इज रेनिंग’, ‘इथे सहसा शांत असतं’ला ‘इट इज युज्वली क्वाएट हिअर’.

‘फिल इन इट’चं ‘फिल इट इन’, ‘सेंड बॅक इट’चं ‘सेंड इट बॅक’, हे आता तुम्हीच केलं असेल. ‘लुक इट इन्टू’मध्ये उलट गडबड आहे. ‘फिल इट इन’ शिकलेला माणूस सगळीकडे ‘इट’ मध्ये कोंबायला लागतो. कसोटी लावा: ‘लुक केअरफुली इन्टू इट’ चालतं, म्हणजे ‘इन्टू’ प्रिपोझिशन, म्हणजे ‘इट’ शेवटी.

‘टुडे इटसेल्फ’ हे आपल्या ‘आजच’चं पिल्लू आहे. आपला ‘च’ कुठेही चिकटतो, इंग्रजीत ते काम बहुतेक वेळा आवाज करतो आणि लिखाणात नुसतं ‘टुडे’ पुरतं. ‘आय ॲम हिअर ओन्ली’चीही तीच कथा, ‘आय ॲम राइट हिअर’ म्हणा. ‘ओन्ली’ तसाही जपून वापरायचा शब्द आहे. ‘ओन्ली आय टोल्ड हिम’ म्हणजे मीच सांगितलं, ‘आय टोल्ड ओन्ली हिम’ म्हणजे त्यालाच सांगितलं, आणि ‘आय ओन्ली टोल्ड हिम’ म्हणजे यातलं काय ते आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही.

तर दुरुस्त मजकूर असा: ‘आय हॅव ऑलरेडी रिसीव्ह्ड युअर फॉर्म. आय हॅव चेक्ड इट, बट यू डिडन्ट फिल इट इन करेक्टली. प्लीज करेक्ट इट अँड सेंड इट बॅक टु अस टुडे. आय विल पर्सनली लुक इन्टू इट.’ चार वाक्यांत पाच ‘इट’. मराठी डोळ्याला हे जास्त वाटतं, इंग्रजी कानाला ते जाणवतही नाही.

हिअर इट इज

हलक्या-जडाचा न्याय आणखी एका ठिकाणी दिसतो. ‘ही बघ बस आली’ म्हणताना ‘हिअर कम्स द बस’, कारण बस ही नवी बातमी. पण आधीच तिची वाट बघणं चाललं असेल तर ‘हिअर इट कम्स’. ‘हिअर कम्स इट’ होत नाही. ‘हिअर यू आर’, ‘देअर शी इज’, ‘ऑफ ही वेंट’ हे सगळे याच साच्यातले.

‘सो डू आय’मध्ये सर्वनाम शेवटी येतं ते का, असा प्रश्न एकदा एका चौकस मुलीने मला विचारला. ‘आय वर्क लेट.’ ‘सो डू आय.’ इथे काम उशिरापर्यंत करणं जुनं झालं, नवी माहिती आहे ती ‘मीसुद्धा’ ही. म्हणून जोर ‘आय’वर आणि त्याला शेवटची जागा. ‘सो आय डू’ वेगळं, त्याचा अर्थ ‘अरे हो, खरंच की!’

सराव असा करा

याद्या पाठ करू नका. एक क्रियापद घ्या आणि ते सगळ्या साच्यांतून फिरवा, मोठ्याने. ‘राइट डाउन’ घेऊ:

आय रोट डाउन द नंबर.
आय रोट द नंबर डाउन.
आय रोट इट डाउन.
आय ऑल्वेज राइट इट डाउन.
आय हॅव ऑलरेडी रिटन इट डाउन.
हॅव यू रिटन इट डाउन येट?
आय स्टिल हॅवन्ट रिटन इट डाउन.
डू यू ऑल्वेज राइट इट डाउन? येस, आय ऑल्वेज डू.

मग ‘थ्रो अवे’, ‘पिक अप’, ‘टर्न डाउन’, ‘लुक फॉर’ आणि ‘गेट ओव्हर’ घ्या. यातली शेवटची दोन मी मुद्दाम घातली आहेत, दुसरी ओळ त्यांच्यावर बेतता येत नाही. ‘आय लुक्ड द कीज फॉर’ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. अडखळली नाही तर ‘लुक्ड एव्हरीव्हेअर फॉर देम’ असं म्हणून बघा, ‘फॉर’ कोणाचा आहे ते तिथेच कळेल.